ठसा माणसाचा, प्रश्न प्रतीचा

चित्रपट, गाणे किंवा पुस्तक एकदा डिजिटल रूपात आले, की त्याची प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि हजारावी प्रतही पहिल्या प्रतीइतकीच निर्दोष असते. पायरसीच्या आजच्या प्रश्नाचे मूळ या वस्तुस्थितीत आहे. कॅसेटवरून कॅसेट भरताना प्रत्येक वेळी आवाज थोडा खालावत असे, झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरे पुसट होत, आणि ही झीज नकळत निर्मात्याचे थोडेफार रक्षण करीत असे. डिजिटल प्रतीत ती झीज उरली नाही, त्यामुळे प्रत काढण्यावर बंधन घालण्याऐवजी ती उघडण्यावर बंधन घालावे, असा विचार पुढे आला. त्याच विचाराची पुढची पायरी म्हणजे फाइल उघडण्याची किल्ली थेट ग्राहकाच्या बोटाच्या ठशाशी जोडण्याची कल्पना. ज्याने पैसे भरले त्याच्याच ठशाने चित्रपट सुरू होणार असेल, तर ती फाइल शंभर जणांच्या हाती पडली तरी त्यांच्या उपयोगाची असणार नाही, असा तिचा आधार आहे. ही कल्पना कोठवर टिकते आणि कोठे अपुरी पडते, हे ठरवण्यासाठी आधी जुन्या कुलपांचा अनुभव, मग ठशाचे शास्त्र आणि शेवटी पायरसीचा प्रत्यक्ष मार्ग, असा क्रम लावून पाहणे आवश्यक आहे.

जुन्या कुलपांचा अनुभव

विकलेल्या फाइलचा वापर कोणी, कोणत्या यंत्रावर आणि किती काळ करावा, यावर तांत्रिक नियंत्रण ठेवणाऱ्या व्यवस्थेला डिजिटल हक्क व्यवस्थापन किंवा संक्षेपाने डीआरएम म्हणतात. तिचा पाया कूटलेखन हा असतो. कूटलेखन म्हणजे मजकुराचे असे रूपांतर, की ठरावीक किल्ली, म्हणजेच एक लांबलचक गुप्त संख्या, जवळ असल्याशिवाय त्याचा अर्थ लागू नये. 1996च्या सुमारास डीव्हीडीसाठी अशीच 40 बिट लांबीच्या किल्लीची एक पद्धत वापरात आली. परंतु 1999 मध्ये तिचा भेद करणारी छोटी आज्ञावली इंटरनेटवर प्रसिद्ध झाली, आणि त्या प्रकरणी खटला भरल्या गेलेल्या नॉर्वेतील तरुणाची 2003 मध्ये तेथील न्यायालयांनी निर्दोष मुक्तता केली. दूरचित्रवाणी संच आणि प्लेअर यांना जोडणाऱ्या वायरीतून जाणाऱ्या चित्रासाठी जी कूटलेखन पद्धत होती, तिची मूळ किल्लीही 2010 मध्ये उघड झाली.

या सगळ्या फजितीमागचे कारण एकच होते. कूटलेखनाचा नेहमीचा वापर दोन विश्वासू व्यक्तींमधला निरोप तिसऱ्यापासून लपवण्यासाठी होतो. डीआरएममध्ये मात्र ज्याला चित्रपट दाखवायचा तोच ग्राहक आणि ज्याच्यापासून किल्ली लपवायची तोही तोच ग्राहक असतो. किल्ली त्याच्याच घरातल्या यंत्रात कोठेतरी असावीच लागते, आणि यंत्र पूर्णपणे ज्याच्या ताब्यात आहे अशा चिकाटीच्या माणसापासून ती कायमची लपवणे फार कठीण असते. संगीताच्या क्षेत्रात तर व्यापाऱ्यांनीच माघार घेतली; ॲपलने 2009 मध्ये आपल्या दुकानातील सर्व गाणी कुलपाविना विकण्यास सुरुवात केली. चित्रपट, मालिका आणि ई-पुस्तके यांच्याबाबत कुलूप टिकून राहिले, आणि ते अधिक पक्के करण्याच्या शोधात संशोधकांचे लक्ष बायोमेट्रिक ओळखीकडे, म्हणजे शरीराच्या खुणांवरून माणूस ओळखण्याच्या तंत्राकडे वळले. पासवर्ड दुसऱ्याला सांगता येतो, बोट मात्र देता येत नाही, हे त्या ओढीचे कारण होते.

ठशाचे शास्त्र

बोटाच्या ठशाचा प्रशासकीय वापर भारतातच रुजला. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने 1858 मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. पुढे 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले, आणि एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गीकरणाची गणिती मांडणी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांच्या परिश्रमातून आकाराला आली. चक्र, शंख आणि कमान हे ठशाचे ढोबळ प्रकार त्या वर्गीकरणाच्या मुळाशी आहेत. परंतु एवढ्यावरून एक माणूस दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. त्यासाठी त्वचेवरील रेषा कोठे अचानक संपते आणि कोठे तिला फाटा फुटतो, अशी सूक्ष्म स्थाने पाहिली जातात. चांगल्या ठशात अशी अनेक स्थाने मिळतात, आणि प्रत्येक स्थानाची जागा व तेथील रेषेची दिशा मिळून जो अंकांचा संच तयार होतो, त्याला त्या ठशाचा साचा म्हणतात. यंत्र सहसा ठशाचे चित्र साठवत नाही, हा साचा साठवते.

येथेच ठसा आणि पासवर्ड यांच्यातला महत्त्वाचा फरक समोर येतो. पासवर्ड एक तर बरोबर असतो किंवा चूक असतो. त्यात एक अक्षर बदलले तरी तो वेगळा ठरतो. ठसा मात्र दर वेळी थोडा निराळा उमटतो, कारण बोट तिरके ठेवले जाते, दाब कमी-जास्त होतो, त्वचा कधी ओली तर कधी कोरडी असते. म्हणून यंत्र ‘तंतोतंत तोच’ असा प्रश्न विचारत नाही, तर ‘पुरेसा जुळतो का’ असा विचारते आणि त्यासाठी एक मर्यादा ठरवून घेते. मर्यादा सैल ठेवली तर परक्याचा ठसा स्वीकारला जाण्याचा संभव वाढतो, आणि ती कडक केली तर खऱ्या मालकालाच नाकारले जाण्याचा. ॲपलने 2013 मध्ये फोनवर आणलेल्या ठसावाचकाबाबत, परक्याचे एखादे बोट योगायोगाने जुळण्याची शक्यता 50,000 मध्ये 1 असल्याचे सांगितले होते. फोनचे कुलूप म्हणून हे प्रमाण चांगले आहे. पण कूटलेखनाच्या किल्लीशी त्याची तुलना होऊ शकत नाही, कारण 128 बिटांच्या किल्लीच्या शक्यता लिहायला 39 अंकी संख्या लागते.

फाइल आणि बोट जोडण्याच्या पद्धती

ठशाच्या साहाय्याने माध्यमांचे रक्षण करण्याच्या मुख्यतः तीन पद्धती मांडल्या गेल्या आहेत. पहिली पद्धत सर्वांत सोपी आहे. यंत्र ठसा तपासते आणि तो जुळला तर आत साठवलेली किल्ली मोकळी करते. यात ठसा आणि किल्ली यांचा गणिती संबंध काहीच नसतो. ‘जुळला’ एवढा एक निकाल मिळाला की काम भागते. त्यामुळे तपासणीच्या त्या एका टप्प्याला चकवले किंवा वगळले, तर ठशाची पर्वा न करता किल्ली हाती येते.

दुसरी पद्धत ही उणीव दूर करण्यासाठी निघाली. 2002 मध्ये आरी ज्युएल्स आणि मधू सुदान यांनी अशी एक गणिती तिजोरी सुचवली, जी तंतोतंत जुळणीचा आग्रह न धरता पुरेशा साम्यावर उघडते. तिच्यात गुप्त किल्लीपासून एक वक्ररेषा तयार केली जाते, ठशातील खरी सूक्ष्म स्थाने त्या वक्ररेषेवरचे बिंदू म्हणून मांडली जातात, आणि मग वक्ररेषेशी संबंध नसलेले कितीतरी खोटे बिंदू त्यांच्यात मिसळले जातात, जसे निवडलेल्या तांदळात कोणी मुद्दाम तांदळाच्याच रंगाचे खडे टाकावेत. ज्याच्याजवळ तेच बोट आहे त्याला पुरेसे खरे बिंदू वेचता येतात, त्यांच्यावरून वक्ररेषा पुन्हा बांधता येते आणि किल्ली मिळते. एक-दोन बिंदू चुकले तरी चुका दुरुस्त करणारे गणित ते सांभाळून घेते. मिशिगन स्टेट विद्यापीठातील अनिल जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात अशा पद्धतींचा विचार नेमका डिजिटल माध्यमांच्या हक्करक्षणाच्या संदर्भात केलेला आहे. मात्र एकाच बोटापासून दोन वेगळ्या तिजोऱ्या बनवल्या, तर दोन्हींत समान आढळणारे बिंदू तेवढे खरे, हे ताडता येते, असे पुढच्या संशोधनात दिसून आले. प्रत्येक चित्रपटासाठी आणि प्रत्येक पुस्तकासाठी नवी तिजोरी बनवायची असेल, तर ही उणीव किती गंभीर आहे, हे उघड आहे.

तिसऱ्या पद्धतीत ग्राहकाच्या ठशाची माहितीच चित्रपटाच्या किंवा गाण्याच्या फाइलमध्ये वॉटरमार्क म्हणून, म्हणजे डोळ्यांना किंवा कानांना न जाणवणारी खूण म्हणून, मिसळली जाते. फाइल बाजारात सापडली तर ती कोणाकडून फुटली, हे त्या खुणेवरून सिद्ध व्हावे, असा हेतू असतो. हेतू योग्य असला तरी साधन धोक्याचे आहे; कारण अशी फाइल जेथे जेथे पसरेल तेथे तेथे त्या माणसाच्या शरीराची माहितीही पसरेल, आणि ज्याच्या फोनमधून ती चोरीला गेली असेल तो निरपराध माणूस आयुष्यभराचे नुकसान भोगेल. ग्राहकाचा माग ठेवण्यासाठी एक साधा निरर्थक क्रमांक पुरेसा असताना त्याचे बोट फाइलमध्ये गुंफण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

ठशाच्या मर्यादा

ठसा गुप्त नसतो, ही त्याची पहिली मर्यादा आहे. पेल्यावर, दाराच्या मुठीवर आणि फोनच्या काचेवर तो माणूस स्वतःच सोडून जातो. जपानमधील योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातील त्सुतोमु मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये जिलेटिनची कृत्रिम बोटे बनवून त्या काळातील 11 ठसावाचक यंत्रे चकवता येतात, हे दाखवून दिले. ॲपलचा ठसावाचक बाजारात आल्यानंतर काही दिवसांतच जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लब या संगणकतज्ज्ञांच्या गटाने त्यालाही बनावट बोटाने फसवले, आणि 2014 मध्ये त्याच गटाशी संबंधित संशोधकाने जर्मनीच्या तत्कालीन संरक्षणमंत्र्यांच्या अंगठ्याचा ठसा त्यांच्या जाहीर छायाचित्रांवरून तयार केल्याचे सांगितले. बोट जिवंत आहे की नाही हे तपासणारी यंत्रे त्यानंतर सुधारली आहेत, तरी येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. फोनच्या बाबतीत चोराला मालकाचा ठसा मिळवावा लागतो. पायरसीच्या बाबतीत मात्र मालक स्वतःच फाइल फोडणारा असू शकतो, आणि तो आपले खरे बोट खुशीने ठेवील.

ठसा बदलता येत नाही, ही दुसरी मर्यादा आहे. पासवर्ड उघड झाला तर पाच मिनिटांत नवा करता येतो, परंतु माणसाला बोटे दहाच असतात. अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयावरील सायबर हल्ल्यात सुमारे 56 लाख लोकांच्या ठशांची माहिती चोरीला गेल्याचे 2015 मध्ये जाहीर झाले. त्या लोकांना नवे ठसे कोणीही देऊ शकत नाही. यावर उपाय म्हणून आयबीएममधील नलिनी रथा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये रद्द करता येणाऱ्या साच्याची कल्पना मांडली, ज्यात ठशाचा साचा एका ठरावीक गणिती नियमाने विस्कटून साठवला जातो आणि तो फुटला तर नियम बदलून त्याच बोटाचा दुसरा साचा तयार केला जातो. कल्पना मोलाची आहे, पण प्रत्येक माध्यम-कंपनी ती काटेकोरपणे पाळील, या भरवशावर ग्राहकाने आपले बोट गहाण ठेवावे, अशी अपेक्षा करता येत नाही.

तिसरी मर्यादा भारतीय वाचकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला, आणि त्यानंतरच्या काळात रेशन दुकानापासून बँकेपर्यंत सर्वत्र अंगठा लावण्याचा अनुभव देशाने घेतला. शेतात, खाणीत, बांधकामावर राबणाऱ्यांच्या आणि वृद्धांच्या बोटांवरील रेषा झिजतात, आणि यंत्र त्यांना वारंवार नाकारते, हा त्या अनुभवाचा कटू भाग आहे. धान्यासाठी निदान दुसरा मार्ग ठेवण्याचे बंधन शासनावर येते. स्वतःच्या पैशाने घेतलेले पुस्तक उघडण्यासाठी ज्याचे बोट चालले नाही, त्याने कोणाकडे दाद मागावी?

उघडलेल्या प्रतीचा प्रश्न

वरील सर्व मर्यादा उद्या तंत्रज्ञानाने दूर केल्या, ठसावाचक अचूक झाला आणि साचा पूर्ण सुरक्षित झाला, असे गृहीत धरले, तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. ठसा माणूस ओळखतो, प्रत ओळखत नाही. योग्य माणसाने योग्य बोट ठेवले की चित्र पडद्यावर उमटणारच आणि आवाज कानावर पडणारच, कारण त्यासाठीच ते विकलेले असते; आणि जे डोळ्यांना दिसते ते कॅमेऱ्याला दिसते, जे कानांना ऐकू येते ते ध्वनिमुद्रकालाही ऐकू येते. तज्ज्ञ या वाटेला ॲनालॉग छिद्र म्हणतात, आणि कोणतेही कुलूप ते बुजवू शकत नाही. शिवाय पायरसीचे गणित असे आहे, की दहा लाख ग्राहकांपैकी एकाने एकदाच कुलूपमुक्त प्रत बाहेर काढली, तरी पुढच्या सर्वांना ठशाची गरजच उरत नाही. म्हणजे कुलूप फोडणाऱ्या एकाला ते अडवू शकत नाही आणि प्रामाणिकपणे पैसे भरणाऱ्या उरलेल्या सर्वांना मात्र रोज बोट पुढे करायला लावते.

या प्रामाणिक ग्राहकांच्या घरातही प्रश्न उभे राहतात. एका घरात घेतलेले पुस्तक आई वाचते, मग मुलगी वाचते, नंतर ते शेजाऱ्यांकडे किंवा वाचनालयात जाते. मालकाच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह वारसांकडे येतो. बोटाला जोडलेले पुस्तक यातले काहीच करू देत नाही. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकाचे ध्वनिरूप किंवा ब्रेल रूप तयार करण्याची मुभा भारताच्या कॉपीराइट कायद्यात आहे, आणि अशा वाचकांसाठीच्या 2013च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. परंतु कुलपाला कायद्यातला अपवाद कळत नाही, ते सर्वांनाच सारखे अडवते.

ठसा कोठे उपयोगी पडतो

असे असले तरी ठशाचा उपयोगच नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. पायरसीतील सर्वांत घातक घटना प्रदर्शनापूर्वीची असते, आणि ती सामान्य प्रेक्षकाच्या घरात घडत नाही. ‘उडता पंजाब’ हा चित्रपट जून 2016 मध्ये प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आला, तेव्हा त्या प्रतीवर ती परिनिरीक्षणासाठीची प्रत असल्याची अक्षरे दिसत होती. संकलनकक्ष, ध्वनिमिश्रणाचा स्टुडिओ, उपशीर्षके तयार करणारी संस्था, परीक्षण करणारे सदस्य, चित्रपटगृहाचा प्रोजेक्शन कक्ष या साखळीत मोजकेच लोक असतात, ते कामाच्या नात्याने जबाबदार असतात, आणि अप्रकाशित प्रत कोणी, केव्हा उघडली याची खात्रीची नोंद असणे त्यांच्याही हिताचे असते, कारण त्यामुळे निर्दोष माणसावर संशय येत नाही. येथे ठसा, ओळखपत्र आणि पासवर्ड यांचा एकत्रित वापर योग्य ठरतो.

त्यापुढचे काम वॉटरमार्कचे आहे. डिजिटल चित्रपटगृहांसाठी हॉलीवूडच्या स्टुडिओंनी 2005 मध्ये ठरवलेल्या मानकानुसार, प्रक्षेपण करणारे यंत्र चित्रात आणि आवाजात वेळ व ठिकाण सांगणारी 35 बिटांची अदृश्य खूण दर पाच मिनिटांच्या भागात मिसळते. त्यामुळे चित्रपटगृहात कॅमेऱ्याने चोरून घेतलेल्या प्रतीवरूनही ती कोणत्या पडद्यावरची आहे, हे शोधता येते. ऑस्करसाठी मत देणाऱ्या सदस्यांना पाठवलेल्या टेपांवर अशाच खुणा होत्या, आणि त्यांच्यावरून छडा लागल्यामुळे 2004 मध्ये एका सदस्याला अकादमीतून काढून टाकण्यात आले. अनेकांनी आपापल्या प्रती एकत्र करून खुणा पुसण्याचा प्रयत्न केला, तरी त्यांच्यापैकी निदान एक दोषी सापडावा, यासाठीचे गणितही डॅन बोने आणि जेम्स शॉ यांनी 1995 मध्ये मांडले. ही खूण प्रतीबरोबर प्रवास करते, कॅमेऱ्यातूनही पार जाते आणि तिच्यात कोणाच्याही शरीराची माहिती नसते. ठशाला जे जमत नाही, ते ती करते.

सामान्य ग्राहकासाठीही ठशाचे एक निर्धोक रूप अस्तित्वात आहे. फोनमधील पासकी या पद्धतीत ठसा फोनच्या आतल्या सुरक्षित भागातच तपासला जातो आणि चित्रपट दाखवणाऱ्या सेवेकडे ठसा किंवा त्याचा साचा न जाता फक्त एक गणिती सही जाते. यामुळे ग्राहकाचे खाते चोरीपासून वाचते. ही पायरसीविरुद्धची भिंत नव्हे, पण पासवर्ड चोरून विकल्या जाणाऱ्या खात्यांना तिने आळा बसतो, आणि ग्राहकाला बोट गमवावे लागत नाही.

कायद्याची चौकट

2012च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात आलेले कलम 65अ हे, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगते, मात्र कायद्याने मुभा दिलेल्या कामांसाठी वाट मोकळी ठेवते. चित्रपटगृहातील चोरट्या चित्रणासाठी 2023च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने किमान तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि किमान तीन लाख रुपयांपासून चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला आहे. दुसऱ्या बाजूने, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला, आणि 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या सुरक्षेतील कसुरीसाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. निर्मात्याचा हक्क आणि ग्राहकाचा खासगीपणा हे दोन्ही कायद्याला मान्य आहेत. एकाच्या रक्षणासाठी दुसऱ्याचा बळी देण्याची परवानगी कोणताही कायदा देत नाही.

लेखक, संगीतकार आणि तंत्रज्ञ यांच्या श्रमाची चोरी हा खरा अन्याय आहे, आणि दिवाळी अंकांच्या व पुस्तकांच्या पीडीएफ समूहासमूहांतून फिरताना पाहणाऱ्या मराठी प्रकाशकांना तो सांगावा लागत नाही. परंतु त्या अन्यायाचे निवारण वाचकाच्या बोटाला कुलूप लावून होणार नाही. अप्रकाशित प्रत हाताळणाऱ्यांसाठी ठसा, प्रसिद्ध झालेल्या प्रतीसाठी अदृश्य खूण, आणि ग्राहकासाठी रास्त किमतीत सहज मिळणारी अधिकृत प्रत, अशी कामाची वाटणी असावी. एखाद्या माध्यमसेवेने ठसा मागितला, तर तो फोनच्या बाहेर जातो का आणि ठशावाचून दुसरा मार्ग उपलब्ध आहे का, हे दोन प्रश्न प्रत्येक वाचकाने विचारावेत. आणि पहिल्याचे उत्तर ‘होय’ किंवा दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तर तेथे बोट ठेवू नये. त्याचबरोबर फुकट आलेली चोरीची प्रत पुढे न पाठवता ती पुसून टाकावी, कारण पायरसीची साखळी तोडणे आजच्या घडीला ज्याच्या पूर्णपणे हाती आहे, असा घटक वाचकच आहे.